उसनी मान

"गोळी मिळणार नाही," मेडिकलवाला विनायक जंगम म्हणाला आणि वर हसला.

सुवर्णा बुगडला वाटलं, काउंटरवरची च्यवनप्राशची बरणी उचलावी आणि ह्याच्या टाळक्यात घालावी. म्हणजे ह्यालाही कळेल. सकाळपासून तिचं डोकं धरलं होतं. चामड्याची ओली वादी कपाळाभोवती करकचून बांधावी आणि ती उन्हात वाळत जावी, तसं.

"विनायकराव, वीस वर्षं मी तुमच्याकडनं गोळ्या नेत्येय."

"व्हय की वहिनी, म्हणूनच मिळणार न्हाई." त्यानं स्क्रीन तिच्याकडं फिरवला. "तुमची टिकली नको म्हणतीय. हे वाचा. आठवड्याची मात्रा अपूर्ण. विश्रांती अपुरी. मी गोळी दिली तर माझ्या दुकानाला कुलूप."

"टिकलीला काय कळतंय माझं डोकं किती दुखतंय ते!"

"तेवढंच तर कळतंय की तिला," जंगम म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

ही टिकली कपाळावरची नव्हे. नखाएवढी, कातडीच्या रंगाची, मानेच्या मागं केसांच्या खाली चिकटवायची. स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज खेळते. ती वीज टिकली मोजते आणि फोनमार्फत वर कळवते. माणूस झोपला तरी हिचं मोजणं चालूच.

ती यायच्या आधी सुवर्णासारखीच्या डोकेदुखीला कुत्रं विचारत नव्हतं. रक्त तपासलं, साफ. डोक्याचा फोटो काढला, साफ. मग डॉक्टर पेनचं टोपण लावून म्हणायचा, "टेन्शन घेऊ नका." जशी काही ती मंगळवारच्या बाजारातनं दोन किलो टेन्शन निवडून आणत होती.

मग देशभर लाखो मानांवर टिकल्या बसल्या आणि आकडे बोलायला लागले. या डोकेदुखीवाल्यांच्या मानेत आणि खांद्यांत ताण होता तो होताच, पण त्याच्या मुळाशी अशक्तपणा होता. माणसाचं डोकं पाच किलोचं. ते पेलताना अशक्त स्नायू दिवसभर कण्हत राहतो. ते कण्हणं मेंदूकडं जातं, आणि वर्षानुवर्षं तेच ऐकून मेंदूच्या दाराची कडी अशी खिळखिळी होते, की साधा कंगवा फिरवला तरी आत वर्दी जाते, दुखलं. रोज गोळी खाणाऱ्याचं तर पुढंपुढं गोळीमुळंच दुखायला लागतं. उपाय निघाला तो अगदी गावठी वाटावा असा. वजन उचला. आठवड्यातनं तीनदा, वाढत्या वजनानं, बारा आठवडे. कडी पुन्हा घट्ट बसते.

शोध खरा होता. पण आपल्याकडं खरी गोष्ट माणसापर्यंत पोचायच्या आधी तिचा नियम होतो. नियम निघाला: व्यायामाची आणि विश्रांतीची मात्रा पूर्ण तर गोळी, नाहीतर नाही. आणि ज्यांचं काम मान खाली घालून बसायचं आहे, त्यांनी बारा आठवड्यांत मानेचा दाखला आणायचा, नाहीतर ते काम सोडायचं.

सुवर्णाचं काम मान घालून बसायचंच होतं. इचलकरंजीत तिचं सगळं आयुष्य मेंडिंग खात्यात गेलं होतं. मागावरनं कापडाचा तागा उतरला की त्यातल्या गाठी, तुटलेले धागे, विणीतली भोकं शोधायची आणि चिमट्यानं, सुईनं अशी मिटवायची की कापड कधी चुकलंच नव्हतं असं वाटावं. आता भोकं शोधायला कॅमेरे आले होते. पण कॅमेऱ्याला बोटं नव्हती. दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं तरी गाठ सोडवायला बाईच लागत होती. आणि त्या टेबलावरनं उठवलं तर बेचाळीस वर्षांच्या सुवर्णाला दुसरं काही येत नव्हतं.

मेडिकलमधनं ती तडक तालमीत गेली. भांडायला.

तालीम चौगुले गल्लीतली. भिंतीवर जुन्या पैलवानांचे फोटो, कोपऱ्यात शेंदूर माखलेला मारुती. तिच्या लहानपणी बाईनं उंबरा ओलांडला तर वस्ताद गोमूत्र शिंपडायचे. आता आखाड्याच्या मातीवर रबराच्या चटया पडल्या होत्या आणि मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुल्ला ट्रॅकपँट घालून बायकांकडनं डंबेल उचलून घेत होत्या. मारुतीनं काही तक्रार केली नव्हती.

"डॉक्टर, मी पाच आठवडे वजनं उचलत्येय का नाही?"

"उचलतेस. तीन किलोवरनं सहावर आलीस. हातात बळ आलंय तुझ्या."

"मग ही टवळी अपूर्ण का म्हणती?"

नाझनीननी टॅबलेट पुढं केला. त्यावर एक रेघ होती, डोंगरासारखी चढत-उतरत. "हे बघ. सोमवारी व्यायाम केलास. त्यानंतर अठ्ठेचाळीस तास ही रेघ खाली पडून राहायला पाहिजे. तुझी तासाभरात परत वर. मंगळवारी पहाटे पाचला तर हा बघ केवढा सुळका. काय केलंस पहाटे?"

"पाण्याचा दिवस होता."

इचलकरंजीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चार दिवसांनी नळाला पाणी येतं, ते पहाटे येतं, आणि तासाभरात बॅरल, घागरी, कळश्या, कुकरसुद्धा भरून घ्यावे लागतात. माणूस मंगळावर यंत्रं पेरतोय, पण इचलकरंजीच्या नळाचं वेळापत्रक त्याला अजून सुधारता आलेलं नाही.

"आणि मी म्हणते," सुवर्णाचा आवाज चढला, "बारा घागरी पाणी वर चढवलं, परात भरून पीठ मळलं, दोन बादल्या धुणं पिळलं, ते उचलणं नाही का? ते का मोजत नाही तुमची टिकली? तालमीतलं सहा किलो ते सहा किलो, आणि माझी घागर काय कापसाची?"

आजूबाजूच्या बायका डंबेल धरूनच थांबल्या. प्रश्न त्यांचाही होता.

"मोजते," नाझनीन म्हणाल्या. "पण ते कष्ट आहेत सुवर्णा, व्यायाम नव्हे. फरक आहे. वजन उचलताना स्नायू बळकट होत नाही, उलट आतनं बारीक बारीक फाटतो. बळकट होतो तो नंतर, शांत बसल्यावर. शरीर फाटलेलं सांधतं आणि सांधताना पहिल्यापेक्षा जाड सांधतं. म्हणून पुढच्या वेळी वजन वाढवता येतं. कष्टात काय होतं? तेच वजन, रोज, न थांबता. सांधायच्या आत पुन्हा फाडायचं. तू मेंडिंगवाली आहेस. कापड मागावर पळत असताना तुला त्यातलं भोक मिटवता येतं का?"

"नाही. माग थांबवावा लागतो."

"मग थांब."

सुवर्णा हसली. असं हसली की तिचं तिलाच कडू लागलं. "डॉक्टर, तुमचं लग्न झालंय?"

"झालं होतं. मोडलं."

"मग तुम्ही तरी असं बोलू नका."

मिलमध्ये डॉक्टरांचं म्हणणं चाललं होतं. नियम आल्यावर मालकानं निमूट टेबलं तिरकी केली होती, तासाला दहा मिनिटं मान सोडायची सुट्टी दिली होती. मिलमध्ये इन्स्पेक्टर येतो. घरात कुठला इन्स्पेक्टर येतो?

घरी सोप्यात दिवाणावर सासू बसली होती. मालन बुगड, वय त्र्याहत्तर. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, उन्हाळा असो का पावसाळा. गार वारं बाधतं म्हणायची. समोर मालिका चालू.

"आलीस व्हय पैलवान?" सासू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "गिरणीतनं दळण आणायचं पडलंय. तालमीत लोखंड उचलतीस, जरा जुंधळं बी उचल."

"आत्ती, माझं डोकं दुखतंय."

"आमच्या टायमाला डोकं दुखायला सवड नव्हती बाई. मागाच्या कांड्यांवर सूत भरून भरून बोटं सोलायची. टिकल्याबिकल्या नव्हत्या."

नवरा उमेश सायझिंगवरनं, म्हणजे सुताला खळ देतात त्या कारखान्यातनं आला, हातपाय धुऊन बसला. सुवर्णानं त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवलं. बाकी माणूस वाईट नव्हता. हात उगारणारा नव्हता, पिणारा नव्हता. अशा माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड असतं.

"मग घे की विश्रांती," तो मोकळ्या मनानं म्हणाला. "कोण नको म्हणतंय तुला? तेवढं जेवणाचं बघ आणि बस निवांत."

"आणि मम्मी, माझा कॉलेजच्या सबमिशनला घालायचा ड्रेस इस्त्री करून मग बस," आतनं मुलगी रेवा ओरडली.

सुवर्णानं परात पुढ्यात ओढली. तिला मागच्या महिन्यातला एक गुरुवार आठवला. त्या आठवड्यात नणंद दोन दिवस माहेरपणाला आली होती, सोबत तिच्या सासरची एक कामवाली बाई होती, आणि सुवर्णाला नकळत दोन दिवस बसायला मिळालं होतं. त्या गुरुवारी दुपारी चारला टेबलावर तिच्या लक्षात आलं, की आज सकाळपासून आपल्याला डोकं आहे हेच आठवलेलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. म्हणजे हे बरं होतं. खरंच बरं होतं. कुणी बसू दिलं तर.

दुसऱ्या दिवशी मेंडिंगच्या टेबलावर तस्लिमा शेजारी होती. तस्लिमा बागवान, जीभ सुईपेक्षा धारदार.

"तू अजून आपली टिकली आपल्याच मानेवर ठेवतीस?" तिनं चिमटा न थांबवता विचारलं. "येडी हायस का? माझी कुठं आहे सांगू? सासऱ्याच्या मानेवर. म्हातारा सकाळधरनं कट्ट्यावर बसतो, मान हलवत नाही. माझी विश्रांती शंभर टक्के!"

"आणि कळलं तर?"

"कुणाला? बनवणाऱ्यांना वाटलं, माणूस पैसे उसने देईल, साखर उसनी देईल, मान कशी उसनी देईल?" टेबलावरच्या सगळ्या हसल्या. "व्यायामाला जाताना स्वतःला लावायची, घरी आलं की म्हाताऱ्याला. शोभा, संगीता, सगळ्या तेच करत्यात. अगं, आपलं कामच काय हाय? भोक असं मिटवायचं की कॅमेऱ्याला दिसू नये."

सुवर्णाला हे पटलं नाही, पण डोकं ठणकत होतं आणि जंगमचा हसरा चेहरा डोळ्यांपुढं होता. त्या संध्याकाळी ती टिकली घेऊन दिवाणापाशी गेली.

"आत्ती, ही जरा मानेला लावते. तुम्ही फक्त बसायचं."

"मला काय होतंय?" सासूनं संशयानं बघितलं. मग सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाचं बोळकं पसरून हसली. "म्हंजी मी बसायचं आणि तुला बसल्याचा मान? लाव बाई. ह्या घरात माझ्या बसण्याचा कुणाला तरी उपेग झाला."

फडक्याच्या खाली, पांढऱ्या केसांच्या रेषेशी, सुवर्णानं टिकली दाबून बसवली. दुसऱ्याच दिवशी फोनवर हिरवं आलं. विश्रांती पूर्ण. जंगमनं हसत गोळ्या दिल्या. तीन आठवडे हिरवंच हिरवं. डोकं मात्र दुखतच होतं, कारण पाणी, पीठ आणि धुणं टिकलीला दिसत नसलं तरी मानेला दिसत होतं.

नवव्या आठवड्यात नाझनीननी तिला बाजूला बोलावलं. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"सुवर्णा, हात किती हलतात, वजन किती पडतं, हे टिकली रोज बघते. पण स्नायूचा आतला ताण किती, ही दुसरी रेघ मी महिन्यातनं एकदा बघते. ही बघ तुझी." त्यांनी बोट ठेवलं. "व्यायाम करताना तुझी मान छान चालते. आणि घरी नुसती बसलीस की दगड होते. झोपेतसुद्धा सुटत नाही. कामात सैल आणि विश्रांतीत आवळलेली, असली मान मी आजवर बघितली नाही. अशा वेदनेत माणूस रोज कसा उठतो तेच मला कळत नाही."

सुवर्णानं केस मानेवर ओढून घेतले.

"कॉम्प्युटर म्हणतोय, या मानेला उपचार लागू पडत नाही. मेंडिंगला कायमची अपात्र. शुक्रवारी मला अभिप्राय पाठवायचा आहे. काही वेगळं घडतंय का घरी? काही सांगायचंय?"

"नाही," सुवर्णा म्हणाली आणि घरी आली.

सोप्यात मालिका चालू होती. सासू नेहमीच्या जागी, नेहमीसारखी, भिंतीला टेकून. वीस वर्षं सुवर्णानं तिला तशीच बघितली होती, आणि आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की म्हातारीचे डोळे पडद्यावर नव्हतेच. अर्धे मिटलेले होते. जबडा आवळलेला होता. आणि फडकं बांधलेलं नव्हतं, आवळलेलं होतं. कपाळावर त्याचा वळ होता.

तिनं टीव्ही बंद केला. "आत्ती, तुमचं डोकं किती दिवस दुखतंय?"

"कुणाचं? माझं न्हाई दुखत."

"आत्ती, टिकली खोटं बोलत नाही."

"टिकलीला काय अक्कल हाय!" सासू फिसकारली. मग तिचा हात फडक्याच्या गाठीवर गेला. "उम्या पोटात हुता तवापासनं. कांड्या भरायची मी, रात्रंदिवस. तवा कवा तरी धरलं, ते धरलं. मग सुटलंच न्हाई."

"चव्वेचाळीस वर्षं? आणि कुणाला बोलला नाहीत?"

"बोलून काय हुतंय? एकदा ह्यांना म्हणाले हुते. ते म्हणले, बायकांची नाटकं. मग फडकं बांधलं. थंडी वाजती म्हणलं की कोण इचारत न्हाई."

सुवर्णाला राग आला. सासूवर, तिच्या मेलेल्या नवऱ्यावर, आणि स्वतःवर सगळ्यात जास्त. "आणि मला म्हणता, आमच्या टायमाला सवड नव्हती! मला टोमणे मारता!"

"मग काय करू? तुला गोळी मिळती, डॉक्टरीण मिळती, सगळं गाव तुझ्या मानंकडं बघतंय. माझ्याकडं कोण बघितलं?"

सुवर्णानं शुक्रवारचं सांगितलं. टेबल जाईल म्हणाली. "मला खरं सांगावं लागणार. तुमचं नाव घ्यावं लागणार."

"न्हाई." म्हातारी ताठ बसली. "माझं नाव घ्यायचं न्हाई सांगून ठेवते. ह्या वयात तालमीत जाऊन लोखंड उचलू? गल्ली हसंल."

"हसू दे. बरं वाटंल तुम्हाला. मला वाटलं होतं, एक दिवस."

"तेच नको मला!" म्हातारीचा आवाज फाटला. "नुसतं वजन उचलून आणि बसून जर हे जातंय, तर मी चव्वेचाळीस वर्षं कशापायी सोसलं? येडी म्हणून? बरं व्हायचं नाही असंच असू दे. निदान सोसल्याला काही अर्थ तरी राहील."

ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. सुवर्णा तिथंच उभी राहिली. तिला वाटलं, हिचं खरं आहे. आणि हे खरं असणं किती चीड आणणारं आहे.

शुक्रवारी तिनं सांगितलं. सगळं. तस्लिमाचं नाव तेवढं गाळलं.

नाझनीननी टॅबलेट टेबलावर आपटला. "अक्कल आहे का तुला? मी दोन रात्री तुझ्या मानेपायी पुस्तकं उलथीपालथी करत बसले! यंत्रणेची फसवणूक आहे ही. सहा महिने एक गोळी मिळणार नाही तुला, मी म्हटलं तरी नाही. बारा आठवडे पुन्हा पहिल्यापासनं. आणि त्यात एकदा, फक्त एकदा जरी 'विश्रांती अपुरी' आलं तरी टेबल गेलं. फसवणाऱ्याला दुसरी संधी नियमात नाही. तीन किलोपासनं उद्या सुरू कर."

"चालेल," सुवर्णा म्हणाली. चालणार कसं, ते तिला माहीत नव्हतं.

"आणि त्या बाईंना घेऊन ये."

"येणार नाहीत. माझ्याशी बोलतच नाहीत परवापासनं."

"मग मी येते."

शनिवारी दुपारी नाझनीन स्कूटरवरनं घरी आल्या. पिशवीत एक-एक किलोची दोन डंबेल. मालन बुगडनं त्यांना बसा म्हटलं नाही. चपला काढायला लावल्या, आडनाव विचारलं, मुल्ला ऐकून नाक मुरडलं, चहा घेणार का हेही विचारलं नाही. सुवर्णाकडं तर बघितलंच नाही.

नाझनीन कशालाच उत्तर न देता दिवाणामागं गेल्या. फडकं वर सरकवलं आणि कवटी जिथं मानेला मिळते त्या खळग्यात अंगठा ठेवून हळूहळू दाबला.

म्हातारीचं बोलणं मध्येच तुटलं.

"तितंच," ती म्हणाली. एवढ्या हळू, की सुवर्णाला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "तितंच हाय ते. बरोब्बर तितं."

म्हातारीच्या डोळ्यांतनं पाणी गालावर आलं आणि तिनं ते पुसलं नाही. पाच मिनिटांनी नाझनीननी तिच्या हातात एक डंबेल दिलं. तिनं ते भाजीवालीकडचा दुधी बघावा तसं उलटसुलट बघितलं.

"एवढंच? हे तर आमच्या वाटण्याच्या वरवंट्याच्या निम्मं बी न्हाई."

"एवढंच. दहा वेळा. मग सोमवारपर्यंत काही उचलायचं नाही. पोळपाटसुद्धा नाही. तुमच्या नावाची टिकली लावली आहे. सुवर्णाची सुवर्णालाच लावली आहे, आणि तिनंही आत्ताच तालमीत तीन किलो उचललेत, म्हणजे तिलाही सोमवारपर्यंत तेच. दोघींची रेघ मी रोज बघणार."

जाताना दारात त्या उमेशला म्हणाल्या, "ऐकलंत ना? पोळपाटसुद्धा नाही."

"हो हो," उमेश म्हणाला. त्याला वाटलं, असंच म्हणतात.

आणि रविवार उजाडला तो पाण्याचा. पहाटे पाचला नळ खाकरला. सुवर्णाचं अंग सवयीनं उठलं. पाय जमिनीला टेकले, आणि तिनं ते परत वर घेतले. शेजारी उमेश घोरत होता.

"अहो. पाणी आलंय."

"हं. भर की."

"मी भरणार नाही."

उमेशनं एक डोळा उघडला. तिच्याकडं बघितलं. ती उशीला टेकून बसली होती, हात मांडीवर. हे भांडण नव्हतं. भांडण असतं तर त्याला जमलं असतं. बाहेर गल्लीत घागरींचा खडखडाट सुरू झाला होता आणि तासाचा काटा सरकत होता. तो उठला.

सोप्यातनं घागर ओढल्याचा आवाज आला. सुवर्णा बाहेर आली. सासू उठून कळशीला वाकत होती. चार दिवस न बोललेल्या सासूसुना एकमेकींकडं बघत राहिल्या.

"आत्ती, बसा."

"अगं, पाणी जाईल..."

"जाऊ दे. बसा म्हणते ना!"

म्हातारी बसली. बसता येत नव्हतं तिला, हात सारखे कळशीकडं जात होते. चव्वेचाळीस वर्षांत ती बसली नव्हती, नुसती टेकली होती. सुवर्णा तिच्याशेजारी बसली. आतनं रेवाला हाक मारली. रेवा केस विंचरत, कुरकुरत आली. बापानं तिच्या हातात कळशी दिली.

त्यांना जमलं नाही. पहिलं बॅरल भरताना पाइप निसटला आणि सोपा पाण्यानं भरला. घागर कमरेवर घ्यायची की खांद्यावर यावरनं बापलेकीत वाद झाला. जिन्यात एक घागर घरंगळली आणि शेजारची भारती दारात येऊन बघून गेली, तोंडावर पदर धरून. सात घागरी वर गेल्या. बाकीचं पाणी नळासकट गेलं. आठ वाजता चहाचं पातेलं उतू गेलं. अकरा वाजता भाताचा कुकर लागला, खाली करपला. धुण्याची बादली तशीच.

प्रत्येक आवाजाला सुवर्णाच्या पायात कळ यायची. उठावं आणि पाच मिनिटांत सगळं करून टाकावं. पाच मिनिटांचं तर काम. ती दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसली. हे सहा किलोपेक्षा जड होतं. दोन महिन्यांत उचललेल्या कुठल्याही वजनापेक्षा जड होतं.

दुपारी दोन वाजता उमेश दारात उभा राहिला. बनियन भिजलेलं, एक हात मानेवर, चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा.

"एका दिवसात माझी मान धरली," तो म्हणाला. "डोकं नुसतं आवळून आलंय. इथनं, बघ, इथनं मागून पुढं येतंय. असं काय होतंय?"

मालन बुगडनं लेकाकडं बघितलं. मग सुनेकडं. तिच्या गळ्यातनं एक आवाज आला, खोकल्यासारखा, पण तो खोकला नव्हता.

"सुवर्णा, तुला विचारतोय मी," उमेश म्हणाला. "असं रोज होतंय का तुला?"

सुवर्णा समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. उत्तर द्यायचं तर मान वळवावी लागली असती, आणि विश्रांतीच्या अठ्ठेचाळीस तासांतले अजून चोवीस तास बाकी होते.